सायलेन्सरचा बोल्ट सुटत नाही तेव्हा

पाऊस ओसरला की आमच्या देवगडच्या बाजूला कलमांच्या बागा साफ करायची घाई सुरू होते आणि मांगरात (बागेतल्या खोपटात) पडून राहिलेले ग्रास कटर माझ्या दुकानाच्या ओट्यावर यायला लागतात. मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. सायलेन्सर कार्बनने चोंदलेला, नाहीतर दोरीची स्प्रिंग तुटलेली. पण माझ्याकडे येण्याआधी मशीनवर घरच्या कोणीतरी हात चालवलेला असतो. ‘‘यो इस्क्रू सुटणा नाय, तूच बघ,’’ म्हणत काका मशीन टेकवतात आणि मी बघतो तर एलन बोल्टच्या षटकोनी खाचेचं गोल भोक झालेलं. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो आणि पैसेही मग अर्ध्या दिवसाचे होतात.

बोल्टचं डोकं जातं ते तो जाम असतो म्हणून कमी, आणि पाना तळापर्यंत बसलेला नसतो म्हणून जास्त. एकदा डोकं गेलं की माणूस घाबरून थेट ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टरकडे (तुटलेल्या बोल्टच्या भोकात रुतवून तो वळवून काढायचं हत्यार) धावतो, आणि खरी वाट तिथे लागते. त्याच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे.

बोल्ट धरतो कशाने

सिलिंडर आणि क्रँककेस ॲल्युमिनियमची, बोल्ट पोलादाचा. या दोन धातूंच्या मध्ये खारी ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. आट्यांच्या फटीत तेवढी जागा नसते, त्यामुळे ती बोल्टला चहूबाजूंनी आवळते. खाऱ्या वाऱ्यात हे लवकर होतं. त्यात मांगरात मशीन कुठे ठेवतात, तर खताच्या गोणींना टेकवून. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याची धूळ दमट हवेत धातूवर बसली की मिठाने केलं असतं तेच ती करते. मशीन गोणींपासून लांब, आढ्याला टांगून ठेवा, एवढं तरी करा.

सायलेन्सरच्या बोल्टांचं दुखणं आणखी वेगळं. ते रोज तापतात आणि निवतात. टू-स्ट्रोकचं जळकं ऑइल आट्यांत झिरपून कडक होतं. ५२ सीसीच्या टू-स्ट्रोक चायनीज मशीनवर सायलेन्सरला बहुधा ६ मिमीचे लांब एलन बोल्ट असतात आणि त्यांना ५ ची एलन की लागते. पुढचं सगळं मी याच बोल्टला धरून सांगतो. हा सुटला तर मशीनवरचा दुसरा कुठलाही सुटेल.

काही बोल्ट मात्र गंजाने नाही, कारखान्यात लावलेल्या लॉक्टाइटने, म्हणजे आटे चिकटवून ठेवणाऱ्या गोंदाने, धरलेले असतात. निळं असेल तर जरा जोर लावून हाताने सुटतं. लाल लॉक्टाइट २५० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय सहसा सोडत नाही, तिथे तेल ओतत बसण्यात अर्थ नाही.

हात लावण्याआधी

पेट्रोलची टाकी रिकामी करा आणि शक्यतो मशीनवरून काढून बाजूला ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. टाकी ओट्यावर आणि हीट गन शेजारी, असं चालणार नाही. प्लगची टोपी काढा. काम उघड्यावर करा.

मग बोल्ट कुठल्या दिशेने सुटतो ते बघा. सायलेन्सर, कार्ब्युरेटर, दोरीचं कव्हर यांचे आटे सरळच असतात. पण पातं धरणारा नट बहुतेक ग्रास कटरवर उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. चेन सॉच्या क्लचचंही तसंच. हे ठाऊक नसलेला माणूस पाइप लावून नट आवळत बसतो आणि ‘जाम आहे’ म्हणतो.

आता खाच साफ करा. हे काम कोणी करत नाही, आणि माझ्या मते निम्मी लढाई इथेच असते. गवताचा चीक, माती आणि ऑइल मिळून एलनच्या खाचेत तळाला काळं कडक बूच तयार होतं. एलन की आत गेल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात खाचेच्या वरच्या दीड-दोन मिलिमीटरवरच टेकलेली असते. सगळा जोर त्या वरच्या कडांवर येतो आणि कडा गोल होतात. दाभण घ्या, तळ खरवडा, थोडं पेट्रोल लावून ब्रशने धुवा, फुंकर मारा, पुन्हा खरवडा. तळाचा धातू चमकला पाहिजे. मग की आत घालून छोट्या हातोडीने दोन-तीन टोले द्या. ‘ठक’ असा भरीव आवाज आला की ती तळाला बसली. आवाज बोद असेल तर अजून माती आहे.

एलन कीची टोकं झिजलेली असतील तर ग्राइंडरवर टोकाचा अर्धा सेंटीमीटर उडवून ताजी करा. उडवताना तापून निळी पडू देऊ नका, पाण्यात बुडवत राहा.

चौफुलीचे, म्हणजे आपण ज्यांना स्टार म्हणतो ते स्क्रू असतील तर आणखी एक गोष्ट. जपानी इंजिनांवर आणि त्यांच्या नकलांवर ती खाच बऱ्याचदा फिलिप्स नसते, जेआयएस या जपानी मापाची असते. डोक्यावर कोपऱ्यात बारीक टिंब असेल तर ती हमखास जेआयएस. फिलिप्सचा ड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच खरवडून टाकतो. आरएक्स १०० च्या साइड कव्हरचे स्क्रू गावोगाव छन्नीचे घाव खाल्लेले दिसतात, त्याला कारण हेच. जेआयएस टोकाचा एक चांगला ड्रायव्हर घेऊन ठेवा. उलट तो फिलिप्सच्या स्क्रूलाही बहुतेक वेळा चालतो.

ठोका, तापवा, तेल द्या

की तळाला बसली, तरी लगेच पिळू नका. आधी ठोका. बोल्टच्या डोक्यावर ड्रिफ्ट (बोथट टोकाचा धातूचा दांडा) ठेवून हातोडीचे आठ-दहा मध्यम टोले सरळ रेषेत द्यायचे. आट्यांतली भुकटी त्याने तडकते. सिलिंडरच्या पंखांवर चुकून बसू नये एवढं बघा, ते पंख बिस्किटासारखे तुटतात. मशीन लाकडी ठोकळ्यावर नीट टेकलेलं हवं.

मग तेल. दुकानात मिळणारा गंज सोडवणारा स्प्रे चालतो. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ ऑइल निम्मं-निम्मं मिसळून घरी केलेलंही चांगलं पाझरतं, मात्र ॲसिटोन पेट घेतं आणि प्लास्टिक खातं, म्हणून ते जपून, आणि तापवण्याच्या आधी पुसून टाकायचं. लोखंडाच्या गंजावर तेल चांगलं काम करतं; ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या भुकटीवर तेवढं नाही. म्हणून आमच्याकडच्या बोल्टला रात्रभर तेलात ठेवून सकाळी चमत्कार होईल, ही आशा धरू नका. दोन थेंब, चार टोले, पुन्हा दोन थेंब, असं अर्धा तास करा आणि पुढे चला.

पुढे म्हणजे उष्णता. माझा खरा भरवसा तिच्यावर. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोन्ही धातू १०० अंशांनी तापले तर ६ मिलिमीटरचं भोक बोल्टपेक्षा साधारण ०.००७ मिलिमीटरने मोकळं होतं. हे माप केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढं, पण भुकटीची पकड सुटायला पुरतं. हीट गन बोल्टवर न धरता भोवतीच्या ॲल्युमिनियमवर फिरवत राहा. पाण्याचा थेंब टाकल्यावर ‘चर्र’ करून नाचत उडाला की पुरे. मग खाचेत की घालून तिच्यावर दोन टोले, आणि आता वळवा.

हीट गन नसेल आणि मशीन चालू होत असेल तर टाकी लावून पाच मिनिटं चालवा, बंद करा, टाकी काढा आणि सायलेन्सर गरम असतानाच बोल्टला भिडा. जाड कापडी हातमोजे घाला. स्पार्क प्लगला मात्र हा नियम लावू नका, गरम इंजिनातून प्लग काढताना ॲल्युमिनियमचे आटेच त्याच्याबरोबर उपटून येतात. आणि क्रँकशाफ्टच्या ऑइल सीलजवळ फार तापवू नका, रबर जळतं. गॅसची ज्योत शक्यतो नकोच. काही महागड्या हलक्या मशीनची केस मॅग्नेशियमची असते. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं.

वळवताना पहिली हालचाल आवळण्याच्या दिशेने, अगदी कणभर. त्यानेही पकड मोडते. मग सोडण्याच्या दिशेने. इथे हाताने ऐकायला शिकलं पाहिजे. बोल्ट सुटतो तेव्हा ‘टक्’ असा कोरडा आवाज होतो आणि नंतर जोर एकदम कमी लागतो. बोल्ट तुटायला निघतो तेव्हा आवाज नसतो. की गोड गोड वळत राहते, जोर वाढत नाही, आणि हात सोडला की ती किंचित मागे येते. म्हणजे डोकं फिरतंय आणि आटे जागच्या जागी आहेत, मधला दांडा पिळला जातोय. तिथेच थांबा. पुन्हा तापवा, पुन्हा ठोका. एकदा ‘टक्’ झालं की पाव फेरा बाहेर, अर्धा पाव आत, तेल, पुन्हा पाव बाहेर, असं करत आणा. पांढरी भुकटी तेलात कालवून राखाडी चिखल होऊन बाहेर येताना दिसते.

हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, तो एक तरी घराघरात असावा. टोला बसला की तो बिटला एकाच वेळी खाली दाबतो आणि वळवतो, त्यामुळे बिट उसळत नाही. दिशा सोडण्याकडे आहे ना, ते आधी एखाद्या मोकळ्या बोल्टवर तपासा. कार्ब्युरेटरवर तो कधीही वापरू नका.

डोकं गेलंच असेल तर

एलनची खाच गोल झाली असेल तर पहिला उपाय टॉर्क्स बिटचा, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या बिटचा. ५ च्या खाचेत टी-३०, ४ च्या खाचेत टी-२५. बिट खाचेवर ठेवून हातोडीने ठोकून बसवायचा. त्याची सहा टोकं उरलेल्या धातूत रुततात. ठोकल्याने धक्काही बसतो, म्हणजे दोन कामं एकदम. माझ्याकडे येणाऱ्यातले बरेचसे इथेच सुटतात. बिट स्वस्तातला घेऊ नका, तो पिळून मोडला तर खाचेत त्याचाच तुकडा अडकतो.

स्टार स्क्रूची खाच थोडी खरवडली असेल तर ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावा. तिच्यातली खर पकड देते. रबरबँड मध्ये धरायची युक्ती मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेली असते. ती जमते, पण मुळात सैल असलेल्या स्क्रूला. गंजलेल्या बोल्टवर रबरबँडचा चुरा होतो आणि तो चुरा तुम्हाला पुन्हा दाभणाने काढावा लागतो.

डोकं बाहेर उघडं असेल, आजूबाजूला जागा असेल, तर व्हाइस ग्रिपने (आवळून लॉक होणाऱ्या पकडीने) बाहेरून पकडा. एलन बोल्टचं डोकं गोल आणि गुळगुळीत. आधी कानशीने समोरासमोर दोन सपाट बाजू करून घेतल्या तर ग्रिप सरकत नाही. किंवा हॅकसॉच्या पात्याने डोक्यावर आडवी खाच पाडा आणि जाड सपाट ड्रायव्हर, वर टोले देत, वळवा. छन्नी डोक्याच्या कडेला तिरकी लावून फिरवायची पद्धत जुनी आहे. ती चालते, पण छन्नी सटकली तर सीटिंगच्या जागेवर घाव पडतो आणि गॅस्केट गळते. माझ्या ओट्यावर ती शेवटाकडे येते.

हे सगळं हरलं तर डोकं उडवा. लोकांना हे हरल्यासारखं वाटतं, मला उलट आवडतं. ६ मिमीच्या बोल्टला खाचेच्या मधोमध ६ चा ड्रिल बिट लावा. खाच आधीच मध्यभागी असल्याने बिट भरकटत नाही. मंद गती, थेंब थेंब तेल, चष्मा डोळ्यांवर. डोक्याच्या उंचीएवढं खाली गेलात की डोकं रिंगेसारखं बिटवर चढून फिरायला लागतं. सायलेन्सर उचलून बाजूला ठेवा. बोल्ट लांब असल्यामुळे आता पोलादाचा लांबसा दांडा तुमच्यासमोर उभा असतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावरचा ताण गेलेला असतो. सायलेन्सर आवळून धरणारं डोकंच उरलं नाही, म्हणून आट्यांवरचा ओढा संपला. तापवून, व्हाइस ग्रिप लावून वळवलं की बऱ्याचदा पहिल्या झटक्यात फिरतो. दांडा बुंध्याशी धरा, शेंड्याला धरून पिळाल तर तुटेल.

आतच तुटला तर

आता घाई करणाऱ्याने मशीन बंद करून चहा प्यायला जावं. सपाट पृष्ठभागाच्या आत तुटलेल्या बोल्टला पहिला नियम असा की मध्य अचूक सापडला पाहिजे. तुटलेला पृष्ठभाग वाकडा असतो, त्यावर बिट उतरणीकडे घसरतो आणि मऊ ॲल्युमिनियम पोखरतो. सायलेन्सरचंच भोक मार्गदर्शक म्हणून वापरा: सायलेन्सरची पट्टी परत जागेवर धरून त्या भोकात घट्ट बसेल अशी नळी घाला आणि नळीतून बिट सोडा. नाहीतर सेंटर पंचने खूण करा, भिंगातून बघा, हलली असेल तर तिरका पंच मारून सरकवा. आधी २.५ चा बिट. किसाकडे लक्ष ठेवा. पोलादाचा कीस करडा आणि टोचणारा, ॲल्युमिनियमचा पांढरा, मऊ, चमचमीत. पांढरा कीस दिसला की तुम्ही बोल्टच्या बाहेर गेलात.

डाव्या दिशेने कापणारे ड्रिल बिट मिळाले तर तेच वापरा. कित्येकदा भोक पाडता पाडताच तुकडा वळून वर येतो.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल माझं मत वाईट आहे. तो फार कडक, म्हणून ठिसूळ. बोल्ट जाम झालाय म्हणून तर तुटला, आणि त्यापेक्षा बारीक काडीने तो वळवायचा म्हणजे कठीणच. वरून शंकूच्या आकाराचा असल्यामुळे तो बोल्टला आतून फुगवतो आणि पकड वाढवतो. तो आत तुटला तर साधा ड्रिल बिट त्यावर चालत नाही, मग ठिणग्यांनी धातू खाणारं स्पार्क मशीन असलेलं वर्कशॉप शोधत फिरा. ६ मिमीच्या आणि त्याहून बारीक बोल्टला मी तो लावत नाही.

त्याऐवजी वेल्डिंगवाल्याकडे जा. तुटलेल्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचा, लाली गेली की पान्याने वळवायचं. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि त्या उष्णतेने आटेही मोकळे होतात. आधी इग्निशन कॉइल काढून घ्या आणि अर्थचा चिमटा बोल्टच्या शेजारी, त्याच सिलिंडरवर लावायला सांगा. करंट बेअरिंगमधून गेला तर त्यांना खड्डे पडतात.

दुसरा उपाय वाण्याच्या दुकानातला: तुरटी. सुटं केलेलं ॲल्युमिनियमचं सिलिंडर काचेच्या किंवा इनॅमलच्या भांड्यात तुरटीच्या दाट, गरम पाण्यात ठेवायचं. तुरटी पोलाद हळूहळू खाते, ॲल्युमिनियमला फारसं काही करत नाही. घड्याळजी पितळेच्या प्लेटमध्ये तुटलेले बारीक स्क्रू असेच विरघळवतात. बोल्टमधून आधी भोक पाडलेलं असेल तर बरं, वेळ वाचतो. तरी कित्येक तास लागतात, बुडबुडे येत राहतात, पाणी बदलावं लागतं. पोलादाच्या बाकीच्या पिना, बेअरिंग, स्टड आधी काढा, नाहीतर तेही जातील. स्टेनलेस बोल्टला हे चालत नाही. मॅग्नेशियमची केस आणि जस्ताचा कार्ब्युरेटर यांना तुरटीत घालू नका.

कार्ब्युरेटरचे थोडक्यात सांगतो. स्क्रू बारीक, धातू मऊ. ठोकाठोकी नाही. प्लास्टिक, रबर, डायफ्राम काढून बॉडी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, बरोबर मापाचा ड्रायव्हर खाली दाबून वळवा. चोक आणि थ्रॉटलच्या चकतीचे स्क्रू कारखान्यात मागून ठेचलेले असतात, ते काढू नका. काढायचं कारणच नसतं.

नवा बसवताना

भोकातून ६ बाय १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने, तेल लावून फिरवा आणि कीस हवेने उडवा. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची स्प्रिंगसारखी वेटोळी) बसवून घ्या, भोक मोठं करून ८ चा बोल्ट कोंबू नका. सिलिंडरच्या कानाला तेवढी जाडी नसते. ५ मिमीच्या भोकाचे आटे गेले असतील आणि भिंत जाड असेल तर ५ चाच ड्रिल मारून ६ चा टॅप चालतो.

जुना बोल्ट परत लावू नका, खाच बरी दिसली तरी. ८.८ ग्रेडचा नवा घ्या, आट्यांना अँटी-सीझ पेस्टचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा, पातळ हात द्या. ६ चा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये ८ ते १० न्यूटन-मीटरला पुरतो, ५ चा पाच-सहाला; पेस्ट लावलेली असेल तर खालचा आकडा धरा. टॉर्क पाना नसेल तर एलन कीचा आखूड पाय हातात धरून लांब पाय खाचेत घाला, म्हणजे जोर आपोआप मर्यादेत राहतो. पहिल्या टाकीभर काम झालं की इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि दोन्ही बोल्ट एकदा तपासा. नवी गॅस्केट बसते, त्यामुळे ते थोडे ढिले मिळतात.